अडाणचं पाणी जिथं जातं, तिथवर

(सामुदायिक रेडिओवर झालेलं बोलणं, जसं बोललं तसं)

आम्ही दारव्ह्याहून आलो आहोत, नवरा-बायको दोघंही. माइकसमोर बोलणार एकच, बाईमाणूस. हे बाजूला बसलेत. पण सांगायचंय ते दोघांचं आहे, म्हणून ‘आम्ही’ म्हणूनच सांगतो. कुठं चुकलं तर हे टोकतील. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, टोकायची सवय आहे.

आमच्या बचत गटातल्या बायांनीच आम्हाला इथं पाठवलं. म्हणाल्या, तुम्ही नावेत बसून आलात, ते रेडिओवर सांगा. आधी आम्हाला लाज वाटली. फिरून आलो त्यात काय सांगायचं? पण ही नाव गाठायला आम्हाला सव्वीस वर्षं लागली, आणि शेवटी गटाचंच कर्ज घेऊन गेलो. तेव्हा हिशोब द्यायला हवा.

आमचं लग्न १९९३ च्या मे महिन्यातलं. माहेर मूर्तिजापूरकडचं, तेव्हा नवरी सासरी आली ती शकुंतलेनं. कारंजा मागं टाकून दारव्हा मोतीबागला उतरलो, तर शालूवर कोळशाची कणं. त्या गाडीला तेव्हा वाफेचं इंजिन होतं, पुढच्याच वर्षी डिझेलचं आलं. आता तर गाडीच बंद आहे. त्या प्रवासात हे म्हणाले होते, “एक डाव तुले लंबा नेतो.” कुठं, ते काही ठरलं नव्हतं.

ठिकाण ठरलं १९९८ साली. बियाण्याच्या दुकानातून एक कॅलेंडर मिळालं, कंपनी तिकडची, आंध्राची. त्यात एका महिन्यावर चित्र होतं. दोन्हीकडून हिरवे डोंगर अंगावर आलेले, मधून मोठी नदी, आणि नदीत एक पांढरी दुमजली बोट, काडेपेटीएवढी. खाली तेलुगूत काही लिहिलेलं. वर्ष संपलं तेव्हा ते चित्र कापलं आणि पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं. आमच्या घरी पैसे त्याच पेटीत राहायचे. त्यामुळे शाळेची फी काढा, औषधाचे काढा, आहेराचे काढा, दर वेळी ती बोट दिसायची आणि झाकण बंद व्हायचं.

तेलुगू अक्षरं वाचून दिली ह्यांच्या गाडीतून जाणाऱ्या पांढरकवड्याच्या एका मास्तरांनी. पापिकोंडलु. गोदावरीवरचे डोंगर आहेत. पापिडी म्हणजे तेलुगूत केसांचा भांग. डोंगरातून नदी अशी गेलीय, जसा केसांतून भांग. हे ऐकलं आणि ते ठिकाण आपलंच वाटायला लागलं.

आणि खरंच आपलं आहे, ते मुलाच्या शाळेच्या नकाशात कळलं. यवतमाळला जाताना बोरीच्या पुलावरून आपण अडाण ओलांडतो ना, ती पुढं पैनगंगेला मिळते. दिग्रसची अरुणावतीही अडाणलाच येऊन मिळते. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला, आणि तिथून नाव पडतं प्राणहिता. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. मग ती गोदावरी भद्राचलमवरून या डोंगरांत शिरते. म्हणजे आपल्या धुऱ्यावरून वाहून गेलेलं पावसाचं पाणी त्या बोटीखालून जातं. आपण जात नाही, पाणी दरसाल जाऊन येतं, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. हे आत्ता म्हणतायत, “येत नाही, जातेच फक्त.” बरोबर आहे.

मधली वीस वर्षं सगळ्या घरी असतात तशीच. दोन नणंदांची लग्नं, दोन लेकरांची शिक्षणं, घरावर स्लॅब. २०१७ साली कपाशीवर फवारा मारताना धाकट्या दिराला विषबाधा झाली. त्या हंगामात आपल्या जिल्ह्यात कितीतरी माणसं गेली, तुम्हाला आठवत असेल. आमचा माणूस वाचला, पेटी रिकामी झाली. त्याचं काही वाईट वाटत नाही.

२०१९ ला मात्र आम्ही जाणारच होतो. लेकीचं लग्न होऊन गेलेलं, मुलगा पुण्याला कामाला. त्यानं मोबाइलवर राजमहेंद्रीपर्यंतची रेल्वेची तिकिटं काढून दिली, दिवाळीनंतरची. बोट तिकडून सुटते असं कळलं होतं. बोलणारीनं दोन साड्यांना फॉल लावून ठेवला होता. आणि १५ सप्टेंबरला, रविवार होता, संध्याकाळी टीव्हीवर बातमी आली. कचुलुरूजवळ गोदावरीत पर्यटकांची बोट बुडाली. सत्तरच्या वर माणसं होती तिच्यात. नदीला पूर होता. पुढं कित्येक दिवस प्रेतं निघत राहिली, चाळीसहून जास्त माणसं गेली. बोट वर काढायलाच महिना उलटला.

त्या रात्री जेवण झालं नाही. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मनात आलं, बरं झालं आपण नव्हतो. आणि लगेच लाज वाटली, कारण जे होते तेही आपल्यासारखेच, वर्षानुवर्षं पैसे जमवून आलेले असतील. सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो, त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी उघडली आणि म्हणाल्या, “हे चित्र काढून टाक सूनबाई.” आम्ही काढलं नाही. तिकिटं मात्र रद्द केली. त्या बोटीच बंद झाल्या होत्या.

मग करोना आला. मग एसटीचा संप, सहा महिने घरात पगार नाही. जुलै २०२२ मध्ये गोदावरीला एवढा पूर आला की भद्राचलमला पाणी ७१ फुटांवर गेलं. तिथं ५३ फुटांना शेवटचा इशारा देतात म्हणजे बघा. त्या महिन्यात आपल्याकडेही धो धो होता, तेव्हा त्या पुरात आपल्या अडाणचाही वाटा असणारच. आता आमच्या तोंडात ते नावही येईना. पेटीची जागा बँकेच्या पासबुकानं घेतली होती, पेटीत गोधड्या गेल्या होत्या.

२०२३ ला हे निवृत्त झाले. त्याच्या आधी वर्षभर एक गोष्ट होत होती. डाव्या हाताला उभ्या असलेल्या पॅसेंजरनं पैसे पुढं केले की ह्यांना दिसायचं नाही. लोक म्हणायचे, कंडक्टर माजलाय. घरात दाराच्या चौकटीला डावा खांदा लागायचा. आम्ही समजलो वय झालं. निवृत्तीनंतर नेत्रतपासणी शिबिरात डोळ्याचा दाब मोजला, तेव्हा काचबिंदू निघाला. मोतीबिंदू नाही बरं, काचबिंदू. मोतीबिंदू काढता येतो. काचबिंदूत बाजूचं दिसणं हळूहळू आधी जातं, समोरचं शेवटपर्यंत चांगलं राहतं, म्हणून माणसाला पत्ताच लागत नाही. दुखत नाही, खुपत नाही. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकायचे ते उरलेली राखायला, रोज, वेळेवर, जन्मभर. आणि भावाबहिणींनाही तपासायला पाठवा म्हणाल्या, घराण्यात असतो. दिराला पाठवलं, त्याचा दाब ठीक निघाला. तुमच्या घरी चाळिशीच्या पुढचं कोणी असेल तर चष्म्याचा नंबर काढताना दाबही मोजून घ्या. एवढं एक सांगून ठेवतो.

घरी आलो. हे चहा प्यायले आणि म्हणाले, “पेटी कुठं हाय?” गोधड्या बाहेर काढल्या. चित्राचा रंग उडाला होता, बोट होती.

आता पैशाचं. निवृत्तीचे पैसे आले होते, पण ते मुलाच्या घराच्या कर्जात आणि शेतातल्या बोअरमध्ये गेले. आम्ही ठरवलं, मुलाकडं मागायचं नाही. तो देईल, पण मग तीच त्याची ट्रिप होईल. म्हणून गटात अर्ज टाकला. बारा हजार रुपये, बारा हप्ते, कारण लिहिलं ‘प्रवास’.

गटाची ती बैठक अजून डोळ्यांसमोर आहे. आमचा गट पंधरा वर्षांचा. बियाण्याला कर्ज दिलं, शेळीला दिलं, बाळंतपणाला, फीला, लग्नाला, सगळ्याला दिलं. ‘प्रवास’ वाचल्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, “दवाखान्याचा प्रवास का?” नाही म्हटलं, नदी पाहायला. बाया हसल्या. एकीनं विचारलं, पंढरपूर आहे का? पंढरपूर असेल तर देऊन टाकू. तेव्हा सांगता आलं असतं की भद्राचलमला रामाचं मोठं देऊळ आहे, आम्ही तिथंही जाणार आहोत. तोंडावर आलं होतं. पण सांगितलं नाही. देवाचं नाव पुढं करून बोटीत बसायचं, हे बरोबर वाटेना. सचिव म्हणाली, “ताई, राग मानू नका, पण उद्या सगळ्याच मागतील.” तिचं चूक नव्हतं. पैसा सगळ्यांचा आहे. घरी खायला नसताना शंभर रुपये भरणाऱ्या बाया आहेत आमच्यात.

मग आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बोलली. ती एरवी अंगठा देऊन गप बसते. म्हणाली, “माह्या बुढ्याच्या तेराव्याले मी याच गटातून कर्ज घेतलं. कोणीच काही विचारलं नाही. मेल्याच्या जेवणाले देता, अन् जित्या माणसाले डोळे हायेत तवर नदी दाखवाले काऊन नाही?”

कोणी काही बोललं नाही बराच वेळ. ठराव झाला. एक अट घातली, व्याज तेवढंच, हप्ता चुकला तर दंडही तेवढाच. आम्हाला ती अट आवडली.

दुसरी अडचण पैशाहून मोठी. आत्याबाई ब्याऐंशीच्या, मागं पडून खुबा मोडलेला, रात्री उठवायला माणूस लागतं. शिवाय दोन शेळ्या. धाकट्या जाऊबाईला विचारलं, सहा दिवस येऊन राहाल का? ती लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, “आम्हीच का नेहमी?” त्यावर वाद झाला, सांगायला हरकत नाही. मग असं ठरलं की ह्या वर्षी ती राहील, पुढच्या वर्षी तिला कुठं जायचं असेल तेव्हा तिच्या घरी आम्ही राहायचं, दूध काढण्यासकट. हे कागदावर नाही, पण दोघींनी तोंडावर बोलून ठरवलंय. बायकांच्या सुट्टीला खरी आडवी येते ती रात्रीची सोय, पैसे नंतर.

जानेवारी २०२५ मध्ये निघालो. दारव्ह्याहून यवतमाळ, तिथून वर्धा. आपल्या एसटीत बाईला अर्धं तिकीट आणि हे निवृत्त कर्मचारी, तेव्हा तिथवर खर्च फार नाही. वर्ध्याहून रात्रीची रेल्वे धरली, खम्ममपर्यंत. बल्लारशाच्या पुढं गाडी वर्धा नदीच्या पुलावरून जाते. आम्ही जागेच होतो. हे म्हणाले, खाली आपलं पाणी आहे, कारण तोवर पैनगंगा वर्धेला मिळालेली असते. अंधारात दिसलं काही नाही, पुलाचा आवाज तेवढा ऐकला. पुढं मंचेरियलजवळ गोदावरीचाही पूल लागतो, पण ती गोदावरी नाशिक-पैठण-नांदेडची. प्राणहिता तिला अजून खाली जाऊन मिळते. तेव्हा त्या पुलावर आम्ही झोपून घेतलं.

खम्ममहून भद्राचलमची बस. तिकडं तेलंगणात बायांना बस फुकट आहे, २०२३ च्या डिसेंबरपासून. सगळ्या बाया आधार कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घेत होत्या. आम्हीही मोठ्या तोऱ्यात आधार पुढं केलं. कंडक्टरनं पत्ता वाचला, ‘महाराष्ट्रा’ म्हणाला आणि हसून पूर्ण तिकीट दिलं. सवलत त्यांच्या राज्यातल्या बायांनाच आहे. हे त्याच्याकडं पाहतच राहिले होते, तिकिटाचं मशीन कसं धरतो, सुटे कसे देतो. उतरताना त्याला खुणेनं सांगितलं, मीपण कंडक्टर. त्यानं सलाम ठोकला. ह्यांचा दिवस तिथंच वसूल झाला.

भद्राचलमचं देऊळ नदीकाठी, टेकाडावर आहे. त्याची गोष्ट ऐकली तर आपल्या दामाजीपंतांची आठवण होते. तिथला तहसीलदार गोपन्ना, त्यानं सरकारी वसुलीचा पैसा देवळाला लावला, म्हणून गोवळकोंड्याच्या किल्ल्यात कैदेत पडला. आणि म्हणतात, शेवटी राम-लक्ष्मणांनीच येऊन सुलतानाचे पैसे चुकते केले. आपल्या दामाजीनं कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटलं आणि विठू पैसे भरायला गेला. आम्हा दोघांना दामाजी जास्त पटतो. पण देऊळ सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे जीपनं पोचावरमला. गावाबाहेर पडलं की लगेच आंध्र लागतो. आजूबाजूचे तालुके २०१४ साली पोलावरम धरणासाठी आंध्राला जोडले गेले, भद्राचलम शहर तेवढं तेलंगणात राहिलं. वाटेत कुनावरमला शबरी नदी गोदावरीला मिळते. शबरी नदी म्हटल्यावर जीपमधल्या सगळ्या बायांनी हात जोडले, तेलुगू आणि मराठी दोघींनी.

आणि मग बोट. दुमजली, पांढरी. चित्रातल्यासारखी म्हणावी तर तशी, पण जवळून पाहिलं तर रंग उडालेला आणि दोरीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला. चढताना प्रत्येकाला केशरी लाइफ जॅकेट दिलं. आमच्या पोटात गोळा आला, लपवत नाही. २०१९ ची ती संध्याकाळ आठवली. बसल्या बसल्या पट्टे ओढून पाहिले, एकाचं बक्कल बसत नव्हतं, ते बदलून घेतलं. तासाभरानं लोकांनी जॅकेटं काढली, फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून. जेवताना तर जवळजवळ सगळ्यांनीच. आम्ही नाही काढली. भात-सांबार जॅकेट घालूनच खाल्लं, सांबार त्याच्यावर सांडलंही. एक पोरगी आमच्याकडं पाहून हसली, मग तिनं आपल्या लहान भावाला घालायला लावलं.

एक तक्रार आहे. एवढ्या लांब यायचं ते पाण्याचा आवाज ऐकायला, आणि वर भोंग्यावर सिनेमाची गाणी, नाच, नकला. लोकांना आवडत होतं म्हणा. आम्ही खालच्या मजल्यावर मागच्या बाजूला जाऊन बसलो.

भद्राचलमला रुंद पसरलेली दिसलेली गोदावरी डोंगरांत शिरते आणि आवळत जाते. वाटतं, पुढं वाटच नाही, डोंगर बंद झालेत. बोट वळते आणि पुन्हा वाट निघते. पाणी हिरवं, सावलीत काळं. हे मध्ये बसले, बोलणारी त्यांच्या डाव्या बाजूला. समोरचं ह्यांना स्वच्छ दिसत होतं. डावीकडचं आम्ही सांगत गेलो. काठाला बगळे आहेत चार. एक डोंगा आहे, त्यात बाई वल्हवतेय, पोर पुढं बसलंय. बांबूचं बेट आहे. मान वळवली की ह्यांना ते दिसायचं, पण नाव पुढं जात असते, सगळीकडं मान कशी वळवणार? ह्यांनी नोकरीभर लोकांना गावांची नावं ओरडून सांगितली, त्या दिवशी ऐकत बसले. मध्येच म्हणाले, “बोरीच्या पुलाखालून निघाल्यावर इथवर याले पाण्याले किती दिवस लागत असतील?” आम्हाला सांगता आलं नाही.

पेरंटालपल्लीला बोट थांबते. आदिवासी गाव आहे, कोंडारेड्डी लोकांचं, झाडीत महादेवाचं देऊळ. बाया बांबूच्या वस्तू विकायला बसतात, फुलं, टोपल्या, छोट्या होड्या. आमच्या गटानंही एकदा यवतमाळच्या प्रदर्शनात स्टॉल लावला होता, तेव्हा किंमत पाडून मागणाऱ्यांचा किती राग यायचा ते आठवलं. शंभराची होडी शंभरालाच घेतली. विचारलं, तुम्ही इथंच राहणार ना? तिनं हातानं पाणी वर येतंय असं दाखवलं, आणि डोंगरापलीकडं बोट केलं. खाली पोलावरमला धरण होतंय, त्याच्या फुगवट्यात ही गावं जाणार आहेत. काठावर छप्पर काढून नेलेल्या घरांच्या भिंती आम्ही पाहिल्या. आपल्याकडे अरुणावतीत, बेंबळ्यात ज्यांची गावं गेली, त्यांना हे समजावून सांगायला नको. आम्ही चित्र पाहून चालढकल करत होतो, तेव्हा ते गाव तिथं राहील असं धरून चाललो होतो.

परतीचा प्रवास थकव्यात गेला. ह्यांचे थेंबांचे वेळापत्रक एकदाही चुकलं नाही, रेल्वेतही घातले. सगळा खर्च दोघांचा मिळून अकरा हजार चारशे. उरलेले सहाशे पहिल्या हप्त्यात भरले. घरी आत्याबाईंना बाटलीतलं गोदावरीचं पाणी दिलं. त्यांनी हातावर घेऊन पाहिलं, वास घेतला आणि म्हणाल्या, “एवढ्या लंबून आपलंच पाणी परत आणलं का?” शेळ्या ठीक होत्या. जाऊबाईनं मात्र सांगितलं, आत्याबाई रात्री तीनदा उठतात, तुम्ही दोनदाच म्हणाला होता.

आता दहा हप्ते झाले, दोन राहिलेत. गटाच्या पुढच्या बैठकीत सचिवाकडं एक नवा अर्ज आलाय, त्यावरही कारण ‘प्रवास’च आहे. त्या बाईनं समुद्र पाहिलेला नाही. आणि जाऊबाई म्हणतेय मार्चमध्ये जायचं, तेव्हा ती नसेपर्यंत दूध काढायला आम्हाला तिच्याकडं राहावं लागणार आहे. हे विचारतायत, म्हैस कोणाच्या हाताला येते, तुझ्या की माझ्या. ते गेल्यावर पाहू.